टपाच्या घडीतली चार अंडी

शनिवार, नऊ मे. सकाळी सव्वासात वाजता क्लाइव्ह ऑलर्टननं गॅरेजचं दार उघडलं, तेव्हा त्याच्या गाडीच्या कापडी टपाच्या घडीत चार अंडी होती. फिकी पांढरी, तांबूस ठिपक्यांची. खाली शेवाळ, वाळकी पानं आणि सीटच्या गादीतून उपटलेले घोड्याचे केस.

क्लाइव्हनं दार हलक्या हातानं लावलं, स्वयंपाकघरात जाऊन दोन टोस्ट खाल्ले आणि बायकोला काही सांगितलं नाही.

गाडी १९७१ची, दोन माणसांची, टप मागे दुमडून उघडी करायची. अकरा वर्षं ती गॅरेजात होती आणि त्यातली नऊ ठोकळ्यांवर. क्लाइव्हनं ब्रेक तीनदा खोलून तीनदा जोडले होते आणि दर वेळी एक नट उरला होता. दरम्यान त्याच्या बायकोनं, हिलरीनं, मातीची भांडी भाजायला विजेची भट्टी घेतली. ती ठेवायची जागा गॅरेज, म्हणून दोन वर्षं भट्टी दिवाणखान्यात खोक्यातच होती आणि खोक्यावर फोन होता.

शेवटी जानेवारीत करार झाला. समोर राहणारा डेस्मंड थ्रॅप गावच्या पंचायतीचा माजी चिटणीस होता. मसुदा त्यानं केला. गाडीनं स्वतःच्या इंजिनावर गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन सोळा मेच्या दुपारी बाराच्या आत गॅरेजात परत यायचं. न आल्यास ठरलेल्या भावानं ती डेस्मंडची. डेस्मंडचा गाडीवर कित्येक वर्षं डोळा होता. हे त्यानं लपवलं नव्हतं, मसुद्याच्या पहिल्याच ओळीत लिहिलं होतं.

एप्रिलअखेर सगळं झालं, टप तेवढा राहिला. नवा टप गारठ्यात आकसतो, म्हणून क्लाइव्हनं तो दोन रात्री पलंगावर विजेच्या ब्लँकेटखाली ठेवला. हिलरी म्हणाली, की आपल्या दोघांत तिसरं कुणी झोपायला तिची हरकत नाही, पण त्याला रबराचा वास नसावा. मग पुढची कड चिकटवून, मागचा भाग सैल घडीत सोडून क्लाइव्हनं गॅरेज बंद केलं. आठ दिवस हात लावू नये, असं टपाबरोबरच्या कागदावर होतं. क्लाइव्हनं डोकावूनही पाहिलं नाही. डिंकाचा वास जावा म्हणून खिडकी मात्र उघडी ठेवली.

हिलरी ऑलर्टन गावातले पक्षी मोजते. चौदा वर्षांत तिची नोंद एकदाही चुकलेली नाही. अंड्यांची बातमी कळली तर तिचं पहिलं वाक्य काय असेल, हे क्लाइव्हला ठाऊक होतं. दुसरं वाक्य काय असेल, त्यावर गाडी अवलंबून होती. साडेआठला त्यानं सांगून टाकलं.

गॅरेज स्वयंपाकघरापासून बारा पावलांवर आहे. हिलरी दुर्बीण घेऊन आली.

"रॉबिन पक्ष्याची," ती म्हणाली. "आता गाडी तसूभर हलवायची नाही. कायदा आहे."

"आणि सोळा तारीख?"

"ती कायद्यात नाही. ती करारात आहे."

क्लाइव्हचं म्हणणं होतं, की एकच बाई एकाच तोंडानं गाडी हलवू नको आणि हलवलीच पाहिजे असं कसं म्हणू शकते. हिलरीचं म्हणणं होतं, की खिडकी तिनं उघडी ठेवली नव्हती. निवाड्यासाठी डेस्मंडला बोलावलं. तो मूळ करार आणि स्वतःचा चहाचा कप घेऊन आला. त्यानं एक तोड सुचवली. मादी मध्येच पाच-सात मिनिटं खायला बाहेर जाते, तेवढ्यात गाडी टोकापर्यंत नेऊन आणायची. पक्षिणीला पत्ता लागणार नाही.

"तू बाहेरून घरी आलास आणि घर जागेवर नसलं, तर तुला पत्ता लागेल की नाही रे?" हिलरीनं विचारलं.

डेस्मंडनं थोडा विचार करून लागेल असं मान्य केलं. मग त्यानं करारात दुरुस्ती लिहिली. सोळा मे खोडून त्या जागी, 'शेवटचं पिल्लू उडाल्याच्या दुसऱ्या दिवशी'. बाराची वेळ तीच. तिघांनी सह्या केल्या.

इथून पुढे गॅरेज हिलरीच्या ताब्यात गेलं. पहिले दोन दिवस ती कोपऱ्यात खुर्ची टाकून बसली, पण तिथून मादीची नुसती शेपटी दिसे. तिसऱ्या दिवशी तिला योग्य जागा सापडली. ती होती ड्रायव्हरची सीट. तिथे बसून वरचा आरसा जरा खाली केला, की मागची घडी आणि त्यात बसलेली मादी पूर्ण दिसे. मादीला तिचं काही वाटलं नाही. क्लाइव्हला वाटलं.

"मला तू गाडीच्या वाऱ्याला उभं राहू देत नाहीस," तो खिडकीतून कुजबुजला.

"तू खुडबूड करतोस. मी नोंद करते."

नोंदवही रोज रात्री जेवणाच्या टेबलावर उघडी असे. पहिल्या आठवड्यात तिच्यात फक्त पक्षी होते. नर किती वेळा आला, चोचीत काय होतं. अठरा मेला मधेच एक ओळ आली: 'डावं दार कुरकुरतं.' क्लाइव्हनं दुसऱ्या दिवशी, मादी बाहेर गेली असताना, बिजागरीला तेल दिलं. तेवीस तारखेला चारही अंड्यांतून पिल्लं निघाली. त्याच पानावर खाली होतं: 'वेगाचा काटा एकशेवीस मैलांपर्यंत आहे. खरंच जातो का?' क्लाइव्हनं शेजारी पेन्सिलीनं लिहिलं, 'मी सत्तरपर्यंत नेला होता.' दुसऱ्या दिवशी त्याखाली तिच्या अक्षरात एकच शब्द होता. 'फक्त?'

डेस्मंड रोज सकाळी येऊन पिल्लांची चौकशी करी आणि जाताना चाकांकडे बघे. त्यानं आपल्या गॅरेजातलं गवत कापायचं यंत्र बाहेर काढून ठेवलं होतं.

शुक्रवारी, पाच जूनला, सकाळी सहा ते नऊच्या दरम्यान चारही पिल्लं खिडकीतून बाहेर पडली. चौथं आधी स्टिअरिंगवर बसलं, तिथे घाण केली, आणि मग गेलं. हिलरीनं वेळ टिपली आणि डोळे पुसले. रिकामं घरटं तिनं त्याच दुपारी घडीतून काढून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं.

शनिवारी अकरा वाजता तिघं गॅरेजापाशी जमले. डेस्मंडच्या हातात करार होता आणि मनगटावर घड्याळ. क्लाइव्हनं ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं. सीटवर हिलरी बसलेली होती.

"सरक ना," तो म्हणाला.

"आरसा मी माझ्या उंचीला लावलाय. आता परत कोण फिरवत बसणार? तिकडून बस."

तो तिकडून बसला. दार कुरकुरलं नाही. तिनं चोक ओढला, किल्ली फिरवली. इंजिन दोनदा खोकलं आणि चालू झालं. याचं सगळ्यांत जास्त आश्चर्य क्लाइव्हला वाटलं. टप मागे दुमडलेलाच होता. गाडी उलटी बाहेर आली, वळली, आणि अकरा वाजून अठरा मिनिटांनी गल्लीच्या टोकाला पोहोचली. आता फक्त मागे वळायचं होतं.

डेस्मंडनं जे पाहिलं ते असं. गाडी टोकाला क्षणभर थांबली. क्लाइव्हनं हातानं मागे बोट दाखवलं. मग डावीकडचा दिवा लुकलुकायला लागला. डावीकडे समुद्राचा रस्ता आहे.

बारा वाजले. डेस्मंडनं आणखी दहा मिनिटं दिली, तशी तरतूद करारात नसताना. मग गाडी त्याची झाली. त्यानं कागदावर वेळ घातली, सही केली आणि बघायला गाडी नसल्यामुळे घरी जाऊन जेवला.

दुपारी चार वाजून चाळीस मिनिटांनी त्याचा फोन वाजला. हिलरी बोलत होती. मागे लाटांचा आणि कुणीतरी हसत असल्याचा आवाज येत होता. हसणारा क्लाइव्ह असावा, पण डेस्मंडनं त्याला इतक्या मोठ्यानं हसताना कधी ऐकलं नव्हतं. फोन समुद्रकाठच्या बार्मथहून होता, म्हणजे साठेक मैलांवरून.

"डेस्मंड, बारा वाजून गेले ना रे?"

"केव्हाच. मी लिहूनसुद्धा ठेवलंय."

"म्हणजे गाडी आता तुझी."

"कायद्यानं पाहिलं तर, हो."

"बरं झालं. तुझी गाडी बंद पडलीये. दोर घेऊन ये. आणि येताना एक छत्री आण. टप वर घेता येत नाहीये, इकडे भुरभुर सुरू झालीये आणि तुझ्या सीटा भिजतायत."

गाडी पेट्रोल संपून थांबली की इंजिन गेलं, असं डेस्मंडनं विचारलं. क्लाइव्हच्या मते इंजिन गेलं होतं, हिलरीच्या मते पेट्रोल. काट्यावर एकशेवीस कुणी पाहिले का, हे विचारायचं डेस्मंडला सुचलं नाही.

पाच वाजून पाच मिनिटांनी डेस्मंड दोर, छत्री आणि करार घेऊन निघाला. रात्री साडेनऊला, जूनचा उशिरापर्यंत रेंगाळणारा उजेड गल्लीत अजून होता तेव्हा, तिघांपैकी कुणीही परतलेलं नव्हतं.