जागा सुजयची, फणस आनंदीबाईंचा

पुण्याच्या सुजयने पालीजवळ दहा गुंठे जागा घेतली आणि घर नेमकं कुठे बांधायचं, एवढा एकच निर्णय बायकोला, ऋतिकाला न विचारता घेतला. जागेत एक डेरेदार फणस होता. "त्याला अगदी चिकटून बांधू, एसी लागणार नाही!" (इंजिनिअर माणूस, सावलीतसुद्धा वीजबिलच दिसायचं.)

राहायला आल्यावर पहिल्याच सकाळी स्वयंपाकघराच्या पत्र्यावर धाडकन काहीतरी आदळलं. ऋतिकाच्या हातातला चहा सांडला. सुजय केरसुणी घेऊन मागे धावला आणि वर बघून थिजलाच. फांदीवर पासष्टीच्या एक बाई, कासोटा मारून, हातात कोयता!

"चोर! चोर!" तो ओरडला.

"कुठे हो?" बाईंनीही घाबरून चहूकडे पाहिलं.

"तुम्ही! माझ्या झाडावर काय करताय?"

"तुमच्या? अहो, जागा तुमची, फणस माझा. मी आनंदीबाई, पलीकडच्या घरातली. वाटणीत जागा दिराकडे गेली, फणस आमच्याकडे राहिला. दिराने तुम्हाला विकलीन ती नुसती जागा. सरा जरा, भाजीसाठी कुयऱ्या, कोवळे फणस हो, पाडत्ये."

सुजय तडक तलाठ्याकडे गेला. तलाठ्याने सातबाऱ्यावर बोट ठेवलं. "इतर हक्क : फणस एक, आनंदीबाई. वाचलं नव्हतंत?"

वाचलं होतं की! (मोबाइलवर 'आय ॲग्री' दाबण्याआधी आपण जितकं वाचतो, तितकं.)

"मग तोडता नाही येणार?"

"फांदीसुद्धा नाही. उलट त्यांना झाडापर्यंत वाट द्यायला हवी. आणि तुम्ही घर बांधलंत ते बरोबर वाटेवर."



दुसऱ्या दिवसापासून आनंदीबाई पुढच्या दाराने आत, हॉलमधून स्वयंपाकघरात आणि मागच्या दाराने फणसाकडे जाऊ लागल्या. जाता जाता "ऋतिका, फोडणी जळत्ये गो!" हेही सांगायच्या. आठवड्याभरात ऋतिका त्यांच्यासाठी चहा ठेवायला लागली. सुजयचा चहा मात्र त्यांच्यानंतर.

पंधरवड्याने आनंदीबाई पालीच्या एका व्यापाऱ्याला घेऊन आल्या. त्याच वाटेने, हॉलमधून. व्यापाऱ्याने वर पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"निम्म्या कुयऱ्या वानरांनी खाल्ल्या की! तुमचा राखणदार काय झोपा काढतो?" असं म्हणत त्याने हाफपँटीतल्या सुजयकडे रागाने पाहिलं.

सुजयने मोठ्या आशेने आनंदीबाईंकडे पाहिलं. आता तरी त्या खरं काय ते सांगतील.

"नवीन आहे हो," आनंदीबाई मायेने म्हणाल्या. "शिकेल हळूहळू."

यावर काहीतरी खणखणीत बोलायला सुजयने तोंड उघडलं, आणि बाहेर पडलेले शब्द ऐकून तो स्वतःच हादरला :

"उद्यापासून लवकर उठतो."