सासरेबुवा एक शब्द बोलले नाहीत

गाडीचा स्टार्टर घरच्या घरी बदलता येतो. त्याला मेकॅनिक लागत नाही. दोन हात, चार पाने आणि एक शांत डोकं एवढ्यावर काम भागतं!

हे वाक्य मी एका रविवारी सकाळी साडेनऊ वाजता, हातात चहाचा कप धरून, मोठ्या थाटात उच्चारलं. बायकोनं ते शब्दन् शब्द लक्षात ठेवलंय आणि घरी कुणीही आलं की ती ते माझ्या आवाजात म्हणून दाखवते. कपासकट.

झालं असं होतं की सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि अकरा दिवसांनी, त्या रविवारी चार वाजता, त्यांना हॉस्पिटलमधून घरी सोडणार होते. म्हणजे आमच्या घरी. डॉक्टरांनी बजावलं होतं की पाय दुमडायचा नाही, सरळ ठेवूनच न्यायचं. आमच्या गाडीची पुढची सीट चांगली ऐसपैस मागे सरकते, त्यामुळे सासूबाईंनी आधीच जाहीर केलं होतं, "मी जावयाच्या गाडीतूनच येणार." एवढा विश्वास माझ्यावर माझ्या आईनंही कधी टाकला नव्हता!

मी शनिवारीच तयारीला लागलो. गाडी धुतली, हवा भरली आणि सासूबाईंचा पाय घसरू नये म्हणून पायाखाली घालायला एक मॅट आणली. बोटभर जाड, मऊ, खालून रबर लावलेली. दुकानदार एकटी द्यायला तयार नव्हता, जोडीच घ्यावी लागली. म्हणून दुसरी माझ्या बाजूला अंथरली. जुन्या मॅट काढायचा कंटाळा आला, त्यांच्यावरच पसरल्या.

रविवारी सकाळी गाडी एकदा चालू करून बघावी म्हणून किल्ली फिरवली. काही नाही! पुन्हा फिरवली. शांतता! दिवे लागत होते, हॉर्न तर असा वाजला की वरच्या मजल्यावरच्या बाई खिडकीत आल्या. म्हणजे बॅटरी ठणठणीत. मग उरलं कोण?

"स्टार्टर गेला," मी निदान केलं.

"मेकॅनिकला फोन करू?" बायको म्हणाली.

"रविवारी कुठला मेकॅनिक येतोय? आणि लागतो कशाला?" मग ते चहाच्या कपाचं वाक्य झालं.

आता सासरेबुवांची ओळख करून द्यायला हवी. ते पत्नीच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे येऊन राहिले होते. चौतीस वर्षं बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये काढून हेडमेकॅनिक म्हणून निवृत्त झालेला माणूस. तुम्ही म्हणाल, घरात एवढा तज्ज्ञ असताना! पण बस वेगळी, कार वेगळी. शिवाय आमचा एक जुना इतिहास होता. मी एकदा बैठकीच्या खोलीत स्वतः पंखा बसवला, तेव्हा भरल्या घरात सासरेबुवा म्हणाले होते, "जावईबापू, हा उलटा फिरतोय." मला ते इतकं लागलं की तीन महिने मी त्यांच्या घराची पायरी चढलो नाही. त्यानंतर त्यांनी माझ्या कुठल्याही कामावर अवाक्षर काढलं नव्हतं. मला वाटत होतं, माणूस सुधारला!

तर सासरेबुवा आले. ड्रायव्हरच्या सीटवर बसले, पाय खाली दाबला, वाकून बघितलं, "हं" म्हणाले आणि उतरले. मग गॅलरीत जाऊन सासूबाईंना फोन केला. परत आले तेव्हा चेहरा पडलेला होता.

"मॅट चांगली जाड आहे हो," ते म्हणाले.

"आहेच! भारीतली आणलीय."

"फारच जाड आहे."

सासरे जावयाच्या खरेदीचं कौतुक करतायत म्हटल्यावर माझी छाती फुगली. त्या भरात बायकोची स्कूटर काढून मी स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो आणि नवा स्टार्टर मागितला.

"साहेब, आधी जुना काढून आणा," दुकानदार म्हणाला. "इथे बॅटरीला लावून बघू. चांगला असला तर उगाच नवा कशाला?"

"माझ्याकडे एवढा वेळ नाही," मी म्हणालो. हल्लीचे दुकानदार माल विकायला का तयार नसतात, मला कळत नाही!

कामाला सुरुवात करताना मी आधी हँडब्रेक ओढला. दोन्ही हातांनी, शेवटच्या खाचेपर्यंत. मी ऑफिसात सुरक्षेच्या सूचना लिहितो, आमच्या कारखान्यातली 'आधी सुरक्षा, मग काम' ही पाटी माझीच आहे. मग जॅक लावला, बॅटरीची वायर सोडवली, मोबाईलवर अकरा मिनिटांचा व्हिडिओ लावला आणि गाडीखाली शिरलो.

व्हिडिओतल्या माणसाला स्टार्टर समोर, ताटात वाढून ठेवल्यासारखा दिसत होता. मला दिसत होता चिखल. अर्ध्या तासानं स्टार्टर सापडला. त्याला तीन बोल्ट होते. दोन दिसत होते आणि तिसरा फक्त बोटांना लागत होता.

"बारा नंबरचा पाना द्या," मी खालून ओरडलो.

हातात पाना आला. बघतो तर चौदाचा!

"बारा, बाबा, बारा!"

"तुम्ही म्हणाल तसं," वरून आवाज आला आणि बाराचा आला. तो बसेना. मी दोनदा दाबून बघितला, एकदा शिवी घालून बघितला. शेवटी काही न बोलता बाहेर हात काढला. हातात चौदाचा पडला. बसला!

याला मी योगायोग म्हटलं.

साडेबारा वाजता दोन बोल्ट निघाले. तिसऱ्यानं पुढचा दीड तास खाल्ला. बायको दर दहा मिनिटांनी येऊन विचारत होती, "किती राहिलं रे?"

"झालंच!"

"मघाशीही झालंच होतं."

"मघाशी होत आलं होतं. आता झालंच!"

निघालेला बोल्ट हातातून सुटून खालच्या पत्र्यात गेला. तो काढायला पत्रा काढला, पत्र्याचे स्क्रू ठेवलेल्या वाटीला माझाच पाय लागला, आणि मग मी, बायको आणि सासरेबुवा तिघंही गॅरेजमध्ये रांगत होतो. रांगता रांगता सासरेबुवा गाडीच्या उघड्या दाराशी थांबले. त्यांनी मॅटवर हात फिरवला आणि माझ्याकडे अगदी केविलवाण्या नजरेनं बघितलं.

"एकीवर एक दोन आहेत नाही?"

"हो हो! घेऊन जा एक तुमच्या घरी," मी वैतागून म्हणालो. "पण आधी स्क्रू शोधा!"

त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. मला वाटलं, घाम पुसला.

तीन वाजता नवा स्टार्टर बसला. वायरी जोडल्या, गाडी खाली घेतली. माझे हात कोपरापर्यंत काळे, पाठ सोलवटलेली, पण मान ताठ! सीटवर बसलो, बायकोकडे एक विजयी कटाक्ष टाकला आणि किल्ली फिरवली.

काही नाही.

पुन्हा फिरवली. दिवे लागले. हॉर्न वाजला. वरच्या मजल्यावरच्या बाई खिडकीत आल्या.

मग माझं शांत डोकं सुटलं! मी फ्यूज काढले, घातले. बॅटरीच्या वायरी आवळल्या. नव्याकोऱ्या स्टार्टरला हातोडीच्या दांड्यानं ठोकलं. ढकलून चालू करायची म्हटलं तर गाडीचं तोंड भिंतीकडे आणि मागे चढ. साडेतीन वाजायला आले. चार वाजता तिकडे खाट रिकामी करायची होती.

"मी टॅक्सी बोलावते," बायको म्हणाली. ती चिडून म्हणाली असती तर बरं वाटलं असतं. ती समजूत घातल्यासारखी म्हणाली.

एवढ्यात तिचा फोन वाजला. सासूबाई! माझे हात काळे आणि तिच्या हातात वाटी, म्हणून तिनं स्पीकर लावला.

"निघालात का गं? मी साडी बदलून तयार बसलेय."

मला तर गाडीखाली परत शिरावंसं वाटलं.

"आई, गाडी अजून…" बायकोनं सुरुवात केली.

"अजून चालू नाही? हे आहेत का तिथे? अहो!"

"आहे," सासरेबुवा म्हणाले.

"मॅटचं सांगितलं नाहीत अजून?"

"तूच तर म्हणालीस, जावयाच्या कामात तोंड उघडायचं नाही म्हणून. मागे पंख्याच्या वेळी तीन महिने…"

"अहो, पण मी इथे पाय लांब करून किती दिवस बसू? बरं, सांगा. पण एवढंच सांगा हं! जास्त एक शब्द नाही!"

सासरेबुवांनी सुटकेचा श्वास टाकला. वाकले, ड्रायव्हरच्या बाजूच्या दोन्ही मॅट ओढून बाहेर काढल्या आणि म्हणाले, "या गाडीत क्लच पार तळाला टेकल्याशिवाय स्टार्टर फिरत नाही, जावईबापू. तुमचा क्लच मॅटवर अडतोय."

मी सीटवर बसलो, क्लच दाबला, किल्ली फिरवली. गाडी पहिल्या फटक्यात चालू झाली!

बायकोनं नुसती वाटी खाली ठेवली.

"सकाळीच का नाही सांगितलंत?" मी ओरडलो.

"सांगितलं की. जाड आहे म्हटलं. दोन आहेत म्हटलं."

वाद घालायला वेळ नव्हता. हातसुद्धा न धुता निघालो. बायको पुढे, सासरेबुवा मागे. गाडी जरा जड चालत होती, पण नवा स्टार्टर म्हटल्यावर इंजिनाला सवय व्हायला वेळ लागणारच. समोर एक लाल दिवाही लागला होता. बॅटरी काढून लावली की असे दिवे लागतात, मी बायकोला समजावलं. सासरेबुवा खिडकीबाहेर बघत होते.

हॉस्पिटलच्या पोर्चमध्ये मी इंजिन बंद केलंच नाही. न जाणो! पाय ब्रेकवर दाबून बसून राहिलो. सासूबाईंना व्हीलचेअरवरून आणलं, बायकोनं त्यांना अलगद पुढच्या सीटवर बसवलं. त्यांचा पाय सरळ राहिला, खाली मऊ मॅट आली. त्यांनी माझ्या काळ्या हातांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "फार कष्ट घेतलेत हो." माझ्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. दिवसभरात कुणी पहिल्यांदा गोड बोललं होतं.

निम्मा रस्ता झाल्यावर त्यांनी नाक वर केलं.

"कसला जळका वास येतोय?"

"नवा स्टार्टर आहे ना, आई," मी म्हणालो. "सुरुवातीला असा वास येतोच."

मागून सासरेबुवा खाकरले.

"अगं, एक विचारू का?"

"आता काय?"

"मघाशी तू 'एवढंच' म्हणाली होतीस, म्हणून विचारतो. आणखी एक सांगितलं तर चालेल?"

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मग समोरच्या लाल दिव्याकडे. "सांगा," त्या म्हणाल्या.

"जावईबापू, हँडब्रेक तेवढा खाली करा."

मी केला. गाडी एकदम हलकी होऊन पळायला लागली.

जुना स्टार्टर अजून आमच्या माळ्यावर आहे, एकदम ठणठणीत. मागचे ब्रेक मात्र जळले, ते पुढच्या रविवारी घरच्या घरी बदलले. सासरेबुवांनी! मी शेजारी उकिडवा बसून पाने देत होतो. त्यांनी चौदाचा मागितला की चौदाचाच देत होतो आणि तोंडातून एक शब्द काढत नव्हतो. सासूबाई खिडकीतून बघत होत्या, आणि या खेपेला त्यांनी ती अट मला घातली होती.