तृप्त बेडूक

"अहो, तो माझ्याकडे बघतोय," शरयू म्हणाली.

"कोण?"

"कोण म्हणजे? तुमचा बेडूक. मी पोळ्या लाटतेय नि तो टक लावून बसलाय. भूक लागलीय बिचाऱ्याला."

"लागू दे," मधुसूदन पुराणिक म्हणाले. "लागायलाच हवी. सोमवारी इन्स्पेक्टरसाहेबांसमोर त्याने नाकतोडा खाल्ला पाहिजे. तोवर त्याच्या पोटात काही जाता कामा नये. समजलं?"

"दिवाळी तोंडावर आली आणि घरातला जीव उपाशी ठेवायचा! हे कुठलं सायन्स?"

दौलतगंजातल्या त्या दोन खोल्यांत काचेच्या पेटीत बसलेला तो बेडूक म्हणजे मधुसूदनरावांचं सगळं भवितव्य होतं. पेटीवर झाकण म्हणून शरयूची पिठाची चाळणी गेली होती, ते वेगळंच.

एकोणीसशे छप्पन साल होतं. मध्य भारत नावाचं राज्य विसर्जनाच्या तयारीत होतं आणि लष्कर नावाच्या त्यांच्या शहरातल्या कचेऱ्यांमधून कपाटं, खुर्च्या नि दौती भोपाळला निघाल्या होत्या. नवं राज्य एवढं अवाढव्य होणार म्हणून बाड्याच्या चौकात पेढे वाटणाऱ्यांच्या ध्यानात एक गोष्ट उशिरा आली, ती म्हणजे राज्य मोठं झालं की बदलीचं अंतरही वाढतं. पूर्वी फार तर झाबुआपर्यंत जावं लागे. आता अंबिकापूर नावाचं गाव निघालं होतं. ते नकाशात सापडायलाच मास्तरमंडळींना अर्धी दुपार लागली, आणि सापडल्यावर त्यांनी नकाशा गुंडाळून ठेवला. तिथे विज्ञानाचा एक माणूस पाठवायचा होता. तो निवडायला इंदूरहून इन्स्पेक्टर विश्वासराव येणार होते.

"ज्याचं काम चांगलं दिसेल, तो इथे राहील," हेडमास्तर कृष्णराव म्हणाले होते. "पुराणिक, तुम्ही अन्नसाखळी शिकवा. पण फळ्यावर नको. जिवंत! गवत, गवतावर नाकतोडा, नाकतोड्यावर बेडूक. बेडकावर साप आणा. सापावर मुंगूस."

"मग साहेबांना कुठे बसवायचं?" मधुसूदनरावांनी विचारलं. तेव्हा साखळी बेडकापाशी थांबली.

बेडूक स्वर्णरेखा नदीच्या काठी मिळाला. नाकतोडे फूलबागेत मिळाले, पण ते पकडताना धोतराचा सोगा काटेरी कुंपणात राहिला. दिवसभर शाळा आणि रोज संध्याकाळी हेडमास्तरांच्या घरी रंगीत तालीम, यात मधुसूदनरावांचा जीव मेटाकुटीला आला. तालमीत बेडकाचं काम स्वतः कृष्णराव करत. बाकी त्यांचा कडक नियम एकच होता. "साहेबांना चहा नाही, पाणी नाही, काही विचारायचं नाही. नव्या राज्यात असल्या गोष्टींना लाच म्हणतात."

सोमवार उजाडला. विश्वासराव सकाळच्या गाडीने आले ते थेट शाळेत. जाडजूड, घामाघूम आणि चेहऱ्यावर कुणाचं भलं करण्याची इच्छा अजिबात नाही. एकेक वर्ग तपासत ते विज्ञानाच्या खोलीत पोचले तेव्हा दुपार झाली होती.

"ही कल्पना माझी बरं का," कृष्णरावांनी दारातच सांगून टाकलं.

मधुसूदनराव धडा मात्र सुरेख शिकवत होते. ऊन गवतात कसं साठतं, गवत खाऊन ते नाकतोड्याच्या अंगात कसं जातं, प्रत्येक घरी बहुतेक भाग चालण्या-उडण्यात खर्च होतो नि पुढच्या घरी जेमतेम दहावा हिस्सा पोचतो, सगळं त्यांनी समजावलं. "म्हणून गवत पुष्कळ, नाकतोडे थोडे आणि बेडूक अगदी मोजके. आता बघा!" असं म्हणून त्यांनी नाकतोडा पेटीत सोडला.

बेडकाने नाकतोड्याकडे पाहिलं. मग डोळे मिटले.

नाकतोडा गवताची पात खाऊ लागला. बेडूक स्वस्थ. पात संपल्यावर नाकतोडा उडी मारून बेडकाच्या डोक्यावर बसला आणि मिशा साफ करू लागला. वर्गात खसखस पिकली.

"मास्साब, ये तो दोस्ती हो गई!" मागून कुणीतरी ओरडलं.

मधुसूदनरावांच्या डोळ्यांपुढे अंबिकापूर उभं राहिलं. त्यांनी पेटीवर टिचकी मारली. बेडकाने एक डोळा उघडून पुन्हा मिटला. सूज आल्यासारखं त्याचं पोट दोन्ही बाजूंना पसरलेलं होतं, हे त्यांना आत्ता दिसलं.

"प्रयोग यांचा आहे साहेब," कृष्णराव घाईघाईने म्हणाले. "सर्वस्वी यांचाच."

विश्वासरावांनी घड्याळ पाहिलं. त्या शांततेत त्यांचं पोट गुरगुरलं, आणि ते पहिल्या बाकापर्यंत ऐकू गेलं. मधुसूदनरावांना राहवलं नाही. बदली तर झालीच होती, आता नियम कशाला पाळायचा?

"साहेब, घर जवळच आहे. दोन घास खाऊन घ्या."

"छे छे, तपासणीच्या दिवशी..." असं म्हणत विश्वासराव उठलेसुद्धा. दोघांना एकटं सोडायला नको म्हणून कृष्णरावही मागोमाग निघाले.

शरयूने स्वयंपाक तयारच ठेवला होता. साहेब गावात येणार आणि उपाशी जाणार, हे तिच्या कल्पनेतच बसत नव्हतं. भरले भटे म्हणजे वांगी, अळूची भाजी, कढी आणि साखरभात. विश्वासराव पहिली पाच मिनिटं नुसते जेवत राहिले.

"बेडकाने खाल्ला का हो नाकतोडा?" शरयूने वाढता वाढता विचारलं.

"नाही," मधुसूदनराव पानाकडे बघत म्हणाले.

"मग बरोबर. भूक कुठून असणार?" ती सहज म्हणाली. "तुम्ही संध्याकाळी तालमीला गेलात की मी पेटी दिव्याखाली ठेवत होते, चाळणी जरा सरकवून. दिवाळीचे किडे आपसूक पडतात आत. मी काही कुणाला मारलं नाही हं. पण माझ्या घरात कुणी उपाशी राहायचं नाही, सांगून ठेवते."

मधुसूदनरावांचा घास हातातच राहिला. विश्वासराव मात्र खदाखदा हसायला लागले. हसताना त्यांना ठसका लागला, शरयूने पाणी दिलं.

"वाह वहिनी! म्हणजे वरच्याचं पोट भरलेलं असलं की खालचा डोक्यावर बसून मिशा साफ करतो! अहो, हे पुस्तकात नाही. असा धडा इंदुरात मी बघितला नाही. पोरं जन्मभर विसरायची नाहीत."

कृष्णरावांनी मान वर केली. वाऱ्याची दिशा त्यांना नेहमीच लवकर कळे.

"तेच दाखवायचं होतं ना साहेब! मुळात कल्पना माझी. आखणी माझी, तालमी माझ्या घरी. बेडूकसुद्धा मीच बसवून घेतला. पुराणिकांनी फक्त बोलायचं काम केलं."

"पक्कं?"

"एकदम पक्कं साहेब."

विश्वासरावांनी साखरभाताचा शेवटचा घास खाल्ला आणि समाधानाने मागे टेकले.

"माझा मोठा पेच सुटला बघा. खरं सांगू? मी पुराणिकांना अंबिकापूरला न्यायचं ठरवूनच आलो होतो. पण ज्याच्या घरचं अन्न खाल्लं त्याला कसा उचलून नेऊ? आणि विज्ञानाचा एवढा जाणकार माणूस तुम्ही आहात, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. तयारीला लागा कृष्णराव."

कृष्णरावांचा चेहरा कढीसारखा पांढरा-पिवळा झाला. "तशी... कल्पना थोडीशी पुराणिकांचीही होती," ते कसेबसे म्हणाले. "विचारा त्यांना. पुराणिक, सांगा ना!"

मधुसूदनराव आयुष्यात कधी खोटं बोलले नव्हते. आताही बोलले नाहीत. त्यांनी पान पुढे सरकवलं आणि म्हणाले, "शरयू, मला अजून थोडा भात वाढ."