नारळ दोन्ही हातांनी घ्यावा

या, जरा जवळ सरकून बसा. कीर्तनात भिंतीला टेकून बसणाऱ्याला हमखास डुलकी लागते, आणि आज डुलकी घेऊन चालायचं नाही. एक आख्यान सांगायचंय. त्यात देव आहे, बुवा आहेत, आणि गाणं चालू असताना ज्याला गप्प बसवत नाही असा एक गृहस्थही आहे.

लालबागच्या एका चाळीत पुतळाबाई राहतात. त्यांचे यजमान रघुवीरबुवा दिवसा गिरणीत कापडाचे साचे चालवायचे आणि संध्याकाळी चाळीतल्या मारुतीपुढे कीर्तनाला उभे राहायचे. बुवा जाऊन बरीच वर्षं झाली. घरात त्यांचा फोटो आहे, झांज आहे, उपरणं आहे. आवाज मात्र कुठेच नव्हता. त्या काळी कीर्तन ऐकायचं असे, भरून ठेवायचं नसे. एकदाच रेडिओवाल्यांनी बुवांना बोलावून एक अभंग ध्वनिमुद्रित केला होता, आणि तो ज्या सकाळी लागला त्या सकाळी पुतळाबाई नेमक्या गावाला, भातलावणीत.

आता त्यांचा एक कान कधीच गेलाय आणि दुसरा जायच्या वाटेवर आहे. डॉक्टरांनी मुलाला, जयवंतला, बाजूला घेऊन सांगितलं होतं की काय ऐकवायचं ते लवकर ऐकवा. आईला काय ऐकायचंय हे जयवंतला विचारावं लागलं नाही.

रेडिओवर सकाळच्या भक्तिसंगीताचं निवेदन अनुजाताई करायच्या. निवेदन म्हणजे काय, तर गायकाचं नाव, साथीला कोण, राग कुठला, आणि त्यानंतर स्वतः बाजूला होणं. कीर्तनात टाळकरी बुवांच्या मागे उभे राहतात ना, तशा त्या गाण्याच्या मागे उभ्या राहायच्या. जयवंतने त्यांना फोन करून सगळी हकिगत सांगितली. बाईंनी स्टेशनच्या तळघरातला जुन्या फितींचा ढिगारा उपसला, धुळीने महिनाभर खोकत राहिल्या, आणि बुवांचा अभंग शोधून काढला. येत्या एकादशीला लावते म्हणाल्या. पुतळाबाईंनी त्या दिवसासाठी कपाटातली बांगडीकाठी साडी बाहेर काढून ठेवली.

आणि तेवढ्यात स्टेशनच्या साहेबांना दृष्टान्त झाला. लोक रेडिओ ऐकत नाहीत, कारण रेडिओवर कुणी प्रसिद्ध माणूस नाही. मग त्यांनी हितेंद्रला आणला. हितेंद्र म्हणजे रोज रात्री टीव्हीवर सासू आणि बायको यांच्या मधोमध उभा राहून भुवया उंचावणारा तो देखणा मुलगा. दिसायला खरोखर सुरेख. पण रेडिओवर चेहरा दिसत नाही, ही बातमी साहेबांपर्यंत पोचलीच नसावी. गाण्याचा आणि त्याचा संबंध एवढाच, की मालिकेत तो भुवया उंचावायचा तेव्हा मागे बासरी वाजायची. अनुजाताईंना काढलं नाही. त्यांना हितेंद्रची वाक्यं लिहून द्यायला बसवलं. त्या लिहायच्या, आणि तो वाचायचा नाही.

एकादशीला सगळी चाळ मारुतीच्या ओट्यापाशी जमली. पुतळाबाई खुर्चीवर, चांगला कान स्पीकरकडे. बुवांनी पहिला सूर लावला आणि बायाबापड्यांनी हात जोडले. पहिली ओळ पुरी व्हायच्या आत हितेंद्र आला. त्याला म्हणे अंगावर काटा आला होता. काटा आला तर यावा, तो मुंबईला सांगायचं काय कारण? दुसऱ्या कडव्याला त्याला स्वतःच्या आजीची आठवण झाली. तिसऱ्याला त्याने श्रोत्यांना विचारलं की तुम्ही उपवासाला काय खाल्लंत, आणि मग आपण काय खाल्लं तेही सांगितलं. तोवर वेळ संपली. बुवांचा आवाज मधेच मिटला आणि नळांच्या तोट्यांची जाहिरात लागली.

पुतळाबाईंनी स्पीकरकडे बोट केलं.

"ह्यो मेलो कोण? बुवा गातत तेवा मधी बोलता तो?"

"मोठा नट आहे, आये."

"मगे तेका नाटकात बोलाक सांग."

जयवंतने स्टेशनला फोन लावून चांगलं झापलं. पलीकडच्या मुलीने गोड आवाजात त्याचे आभार मानले. मग सगळ्या चाळीने फोन केले. बाबुरावांनी केला. हे बुवांचे जन्मभराचे पखवाजवाले आणि आता भजनी मंडळाचे अध्यक्ष. त्यांनी ज्या शब्दांत केला ते शब्द मी देवाच्या ओट्यावर उच्चारत नाही. पण स्टेशनमध्ये फोन किती आले तेवढं मोजतात, त्यात काय म्हटलं ते कुणी टिपून घेत नाही. लालबागने हितेंद्रला डोक्यावर घेतलंय, असा साहेबांनी अर्थ काढला. करी रोडला पुलाशेजारी त्याचा भलामोठा फलक लागला, कानाला हेडफोन आणि भुवया वर. ज्यांनी शिव्या दिल्या त्यांनाच रोज कामावर जाताना त्याचं तोंड बघायची वेळ आली.

एवढ्यावर थांबलं असतं तर साहेब कसले. चाळीचं इतकं प्रेम आहे तर कार्यक्रमच चाळीतून थेट करू, असं ठरलं. अनुजाताईंनी जयवंतला हळूच कळवलं की बुवांचा अभंग मी त्यात पुन्हा घातलाय, अख्खा. फक्त माईक त्याच्या हातात असणार, त्याला माझा इलाज नाही.

जयवंत बाबुरावांकडे गेला. आईला आता दारावरची बेलसुद्धा ऐकू येईनाशी झाली होती. ही वेळ गेली की गेली. बाबुरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं की तो नट उभा कुठे राहणार.

"मारुतीपुढे, ओट्यावर."

"म्हणजे बुवांच्या गादीवर. मग गादीचा मान राखायला नको?"

जयवंतला वाटलं, म्हातारा फिरला. त्या नटाचा कसला मान? पण बाबुराव फुलवाल्याकडे निघूनही गेले होते.

ठरल्या सकाळी हितेंद्रची गाडी मसाल्याच्या गल्लीत अडकली, म्हणून तो मिरची कांडपाच्या डंकांमधून चालत, शिंकत शिंकत आला. तरी नाक पुसून लगेच बोलायला लागला. खोटं कशाला सांगू, ज्यांनी फोनवर शिव्या दिल्या होत्या त्यांतल्या निम्म्यांनी आधी त्याच्याबरोबर फोटो काढून घेतले. चेहऱ्यापुढे माणूस असा विरघळतो. त्याने लालबागवर प्रेम असल्याचं सांगितलं, आपल्या मालिकेची वेळ सांगितली, आणि भक्ती म्हणजे एक फील आहे असंही सांगितलं. पायरीवर कानाला हेडफोन लावून बसलेल्या अनुजाताईंनी बोट वर केलं. अभंग सुरू झाला.

हितेंद्रने माईक तोंडाशी नेला. "मित्रांनो, हा आवाज ऐकला ना, की मला..."

बाबुराव हार घेऊन पुढे झाले होते. "मध्यंतर, साहेब."

आता आमच्याकडची रीत ऐका. कीर्तनाच्या मध्यंतरात बुवांना बुक्का लावतात, हार घालतात, लोक पाया पडतात. तेवढ्यात सभेतलं कुणीतरी एखादं पद म्हणतं, आणि ते संपेपर्यंत बुवा तोंड उघडत नाहीत. हितेंद्रला रीत माहीत नव्हती, पण हार माहीत होता. हार दिसल्यावर वाकत नाही अशी मान नटाला देवाने दिलेलीच नाही. तो वाकला. बाबुरावांनी कपाळावरच्या मेकअपवर बोटभर बुक्का ओढला आणि नारळ पुढे केला. हितेंद्रने एक हात पुढे केला, कारण दुसऱ्यात माईक. बाबुरावांनी नारळ सोडला नाही.

"देवाचा नारळ आहे. दोन्ही हातांनी घ्यावा."

चाळभरच्या मोबाइलचे कॅमेरे रोखलेले होते. हितेंद्रने इकडेतिकडे बघितलं आणि माईक पायरीवरच्या अनुजाताईंच्या हातात दिला.

मग रांग लागली. चाळीतल्या एकेका बाईने हार आणला होता, आणि जी ती वाकून पाया पडत होती. हितेंद्र तोंड उघडायचा, तेवढ्यात पुढचा हार यायचा. तोंड मिटून हसल्याशिवाय हार घेता येत नाही, हे त्याला सवयीने ठाऊक होतं. झेंडू हनुवटीपर्यंत चढला, मग ओठांपर्यंत. आणि पलीकडे बुवा गात होते. पहिलं कडवं गेलं, दुसरं गेलं, कुणी मधे आलं नाही. तिसऱ्याला बाबुरावांचा त्या वेळचा पखवाज घुमला तेव्हा आत्ताच्या बाबुरावांची बोटं मांडीवर आपोआप चालायला लागली. पुतळाबाई डोळे मिटून, स्पीकरला जवळजवळ गाल लावून बसल्या होत्या. अभंग शेवटच्या सुरापर्यंत गेला आणि शांतपणे उतरला.

अनुजाताईंनी माईक वर घेतला. "गायक रघुवीरबुवा. पखवाजाला बाबुराव." माईक खाली ठेवला.

जयवंतने आईच्या कानाशी वाकून विचारलं, ऐकू आलं का.

"सगळा ऐकू इला," पुतळाबाई म्हणाल्या. "तिसऱ्या कडव्याक दम तुटलो त्यांचो. मी तेवाच सांगलंय, विडी सोडा म्हणान."

आणि त्या साडीच्या पदरात तोंड घालून रडल्या.

तुम्हाला वाटेल, हितेंद्र यातून काहीतरी शिकला असेल. शिकला तर. दुसऱ्या दिवशी सगळीकडे त्याचं कौतुक छापून आलं, की गाण्याला बोलू देणारा असा संयमी निवेदक रेडिओला प्रथमच मिळाला. त्याला पुरस्कार दिला. त्याने भाषणात मौनाचं महत्त्व पाऊण तास समजावून सांगितलं. स्टेशनने खूश होऊन दुपारचा कार्यक्रम एका क्रिकेटपटूला आणि संध्याकाळचा एका स्वयंपाकवाल्या बाईंना दिला. हितेंद्र मात्र आता आपल्याच कीर्तीला धरून स्टुडिओत गप्प बसून असतो, मधूनमधून खोल श्वास सोडतो, आणि गाणी बिचारी सुखाने वाजतात.

तर, उद्या सकाळी एखादं गाणं पुरतं ऐकायला मिळालं आणि शेवटी एक बाईमाणूस गायकाचं नाव सांगून बाजूला झालं, तर अनुजा नाईकांची आठवण असू द्या. त्या सगळ्यांची नावं सांगतात, स्वतःचं तेवढं सांगत नाहीत.