लेसदॅन सर

टिपणीस सरांना उभ्या कल्याणात कोणी जेवायला बोलावत नसे. माणूस सज्जन, आहार बेताचा, पंक्तीत खड्या आवाजात श्लोकही म्हणायचे. पण जेवणं आटोपल्यावर यजमानाने हात जोडून "काय सर, जिलबी कशी झालेली?" असं विचारायची सोय नव्हती. सर डोळे मिटायचे, जिलबीचा मनातल्या मनात नीट विचार करायचे आणि सांगायचे, "वैद्यांकडच्या मुंजीत खाल्ली, तिच्याइतकी चिवट नव्हती." एका वाक्यात दोन घरं तुटायची. वैद्यांचं आणि हे.

यात कुत्सितपणा काडीचा नव्हता. सरांच्या मते ही स्तुती होती. कुठल्याही गोष्टीला सरळ 'चांगली' म्हणणं त्यांना जमतच नसे. 'अमक्यापेक्षा कमी वाईट' इथवरच त्यांची जीभ वळायची. तब्येत कशी आहे? "परवापेक्षा कमी दुखतंय." उकाडा? "कालच्याइतका असह्य नाही." नवे हेडमास्तर? "आधीच्यांपेक्षा कमी बोलतात." हे शेवटचं तर सरांच्या हिशेबी प्रशस्तिपत्रक होतं. हेडमास्तरांना ते तसं वाटलं नाही, ही गोष्ट निराळी.

देश स्वतंत्र झाला त्या सकाळी शाळेत झेंडावंदन झालं. मी अकरावीत, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकला होतो, खादीची टोपी घालून पहिल्या रांगेत. शाळेतले सर्वांत जुने शिक्षक म्हणून सरांना दोन शब्द बोलायला सांगितलं. सर उठले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "मुलांनो, आज आपण कालच्यापेक्षा कमी परतंत्र आहोत. उरलेलं पुढच्या इयत्तेत." एवढं बोलून खाली बसले. माझं रक्त उसळलं. असल्या मंगल दिवशी असलं मिळमिळीत बोलणं! मी घरी जाऊन दोन दिवस सगळ्यांना सांगत होतो की या म्हाताऱ्याला ताबडतोब घरी बसवलं पाहिजे. आज तेच वाक्य मी सभांमधून टाळ्या घेण्यासाठी वापरतो, सरांचं नाव न घेता.

सर इंग्रजी शिकवायचे. व्याकरणाच्या पुस्तकात 'कमी' दाखवणाऱ्या तुलनेचा धडा अर्ध्या पानाचा. बाकीचे शिक्षक तो "हे तुम्हीच वाचा" म्हणून उडवायचे. सर त्याला जूनमध्ये हात घालायचे आणि दिवाळीपर्यंत पुरवायचे. लांब विशेषण असेल तर 'लेस' लावून 'दॅन', आखूड असेल तर 'नॉट सो' लावून 'ॲज', इतकाच नियम. पण सरांना त्यात सगळा संसार दिसायचा. म्हणून त्यांचं नाव पडलं लेसदॅन. 'मोअर' आणि 'मोस्ट' या शब्दांना ते वर्गात जवळजवळ येऊच देत नसत. "बाजारात ओरडायचे शब्द आहेत ते. 'जास्त' म्हणायला एकाकडेच बघितलं तरी भागतं. 'कमी' म्हणायला दोघांकडे नीट बघावं लागतं."

शनिवारी सकाळी ते दोन मुलांना उभं करायचे आणि एकाला दुसऱ्याबद्दल वाक्य करायला लावायचे. एकदा मी आणि बबन उभे होतो. बबन माझ्याच बाकावरचा, गुटगुटीत, दर परीक्षेत गटांगळ्या खाणारा. मी छाती काढून म्हटलं, "बबन इज नॉट सो क्लेव्हर ॲज आय ॲम." वर्ग खिदळला. बबनचे कान लाल झाले.

सर म्हणाले, "वाक्य निर्दोष. मजकूर अमान्य."

"का सर? खरंच तर आहे!"

"असेल. आता असं वाक्य कर, की ते बबनला घरी जाऊन आईला सांगावंसं वाटेल."

मी अख्खा तास उभा राहिलो. वाक्य सुचलं नाही. घंटा झाली तेव्हा सरांनीच फळ्यावर लिहिलं, "शरद इज लेस पेशंट दॅन बबन." बबनने ते पुढे महिनाभर सगळ्या आळीला ऐकवलं. पेशंट म्हणजे धीराचा, हेही तोच समजावून सांगायचा. त्याच्या आईने मला बोलावून म्हटलं, "शरद, धीर धरायला शिक हो थोडा. आमच्या बबनकडे बघ."

मी शिकलो नाही. मॅट्रिक झालो, ठाण्याला एका गोदामात कारकुनी धरली आणि संध्याकाळी डोंबिवलीत चळवळी करू लागलो. रस्त्यावरच्या बत्त्या, गटारं, रेशनचं दुकान, जे दिसेल त्यावर पत्रकं काढायची. गुलाबी कागद, वर जाड टाइपात 'जाहीर धिक्कार'. मी वाटलेलं प्रत्येक पत्रक फिरत फिरत कल्याणला सरांच्या हाती पडायचं आणि आठवड्याभरात लाल शाईने तपासून माझ्याकडे परत यायचं. समासात बारीक अक्षरात लिहिलेलं असे, "'सर्वांत' सहा वेळा. बाकीच्यांनी कुठे बसायचं?"

मी चिडायचो. पण एकही कागद फेकून दिला नाही.

मग नळाचं प्रकरण आलं. आमची आळी डोंबिवलीत, कोपरच्या बाजूला. चैत्र लागला की खाडीचं पाणी विहिरीत झिरपायचं. डाळ शिजायची नाही, पोरांची पोटं बिघडायची. स्टेशनाजवळच्या आळीपर्यंत नळ आलेला, आमच्यापासून शंभर पावलांवर. पुढे यायचं नाव नाही. अर्ज करायचा ठरला, ठाण्याच्या सरकारी कचेरीतल्या साहेबांकडे, इंग्रजीत. इंग्रजी म्हणजे सर. मी कल्याणला गेलो.

सर तळ्याजवळ एका खोलीत एकटे राहायचे. बायको फार पूर्वी वारलेली, मूलबाळ नाही. साठीला टेकलेले, शाळेचं मंडळ दर एप्रिलात एकेक वर्षाची मुदतवाढ द्यायचं. "यंदाच्या नववीला मॅट्रिकपर्यंत न्यायचंय," ते मला त्या दिवशी म्हणाले. "दोन वर्षं. मग घरी बसेन. म्हणजे आतापेक्षा कमी नाखुशीने बसेन." हे त्यांनी मला सांगितलं होतं. मला माहीत होतं. पुढचं सगळं मी हे माहीत असून केलं.

मसुदा सरांनी तासाभरात लिहिला. विहिरीचं पाणी दहा वर्षांपूर्वीइतकं गोड नाही. शेजारच्या आळीपेक्षा आम्ही कमी भाग्यवान आहोत. नळ शंभर पावलं पुढे आणणं हे साहेबांपुढच्या इतर कामांपेक्षा कमी खर्चाचं, कमी त्रासाचं आहे. असाच मजकूर, एक पानभर. मी वाचला आणि माझ्या तोंडाची चव गेली. पोरं आजारी पडतायत आणि हा माणूस म्हणतो कमी भाग्यवान!

सह्या रविवारी घ्यायच्या होत्या, कारण चाकरमानी माणसं रविवारीच घरी असतात. टायपिस्ट मिळणार सोमवारी. म्हणून सह्यांसाठी मागचं पान वेगळं केलं आणि रविवारी तेवढंच फिरवलं. मसुदा ज्याचा, पहिली सही त्याची, ही सरांची रीत. ते मुद्दाम कल्याणहून आले, आमच्या ओट्यावर बसले आणि कोऱ्या पानाच्या माथ्यावर झोकदार सही केली, शेजारी शाळेचं नाव घालून.

"पहिलं पान उद्या टाइप करून लाव," मला म्हणाले.

विहिरीशेजारची म्हातारी सोनाबाय, मिठागरात उमर घालवलेली, तिला कोणाच्याच कागदावर भरवसा नव्हता. तिने विचारलं, "मास्तरांनी लिवलाय ना? मंग आंगठा कुठं करू, सांग." तिचा अंगठा सरांच्या सहीखाली.

सोमवारी मी टायपिस्टच्या शेजारी बसलो आणि सरांचा मसुदा खिशातच ठेवला. मी त्याला नवीन मजकूर सांगितला. सर्वांत निर्दय कचेरी, सर्वांत निर्लज्ज अधिकारी, सर्वांत भ्रष्ट कारभार, आणि असाच आणखी एक. चार वेळा 'मोस्ट'. टाचणीने मागचं पान जोडलं आणि पाठवून दिलं. टाचणी टोचताना मला काय वाटलं ते लिहायला हवं. अभिमान वाटला. वाटलं, सरांचा अर्ज मी सुधारला.

साहेबांनी आळीला उत्तर दिलं नाही. शाळेच्या मंडळाला पत्र धाडलं, की तुमचे शिक्षक सरकारी अधिकाऱ्यांना ही भाषा वापरतात काय.

पुढचं मला बबनने सांगितलं. तो तोवर त्याच शाळेत कारकून झालेला आणि मंडळाच्या बैठकीत वृत्तान्त लिहायला बसायचा. एका संध्याकाळी तो धापा टाकत आमच्या घरी आला.

"शऱ्या, तू काय केलंस रे हे?"

"का? काय झालं?"

"चेअरमननी सरांपुढे कागद टाकला. म्हणाले, हा मजकूर तुमचा? सरांनी पूर्ण वाचला. हळूहळू, बोट फिरवत. मग म्हणाले, सही माझी आहे."

"एवढंच?"

"एवढंच. चेअरमन म्हणाले, टिपणीस, यात चार वेळा 'मोस्ट' आहे. तुम्ही जन्मात हा शब्द लिहिला नाहीत, सगळ्या कल्याणला ठाऊक आहे. लिहिणाऱ्याचं नाव सांगा, विषय संपला. तर सर म्हणाले, मी नाव सांगितलं तर पाणी येईल का? चेअरमन म्हणाले, पाण्याचा काय संबंध? सर म्हणाले, मग सही माझी आहे."

मुदतवाढ मिळाली नाही.

बबन एवढं सांगून थांबला. मला शिव्या देईल असं वाटलं होतं. त्याने दिल्या नाहीत. "तू जाऊन ये त्यांच्याकडे," म्हणाला. "आजच्या आज जा."

मी गेलो नाही. मी पत्रक काढलं! 'जाहीर धिक्कार: निष्ठावंत शिक्षकाचा बळी घेणाऱ्या सर्वांत नीच मंडळाचा'. पाचशे प्रती. शाळेच्या दारात उभं राहून वाटल्या. मंडळ फेरविचार करणार होतं म्हणे. त्यानंतर तोही राहिला. त्या पत्रकात मी मंडळाला, साहेबांना, कचेरीला सगळ्यांना आरोपी केलं. पान कोणी बदललं, ते मात्र कुठेही लिहिलं नाही.

पंधरा दिवसांनी एकदाचा गेलो. सर ट्रंक भरत होते. रोह्याजवळच्या एका खेड्यात बहीण होती, तिच्याकडे चाललेले. मला बघून त्यांनी ट्रंकेवरचे कपडे बाजूला केले, बसायला जागा केली.

"पान बदललंस," ते म्हणाले.

"हो सर."

"टायपिंग बरं होतं. तुझ्या पत्रकांइतक्या चुका नव्हत्या."

ही स्तुती होती. मला रडू यायला हवं होतं. त्याऐवजी मी बोलत सुटलो, मंडळ कसं सडलंय, साहेब कसा माजलाय, आपण लढलं पाहिजे. सर कपड्यांच्या घड्या घालत ऐकत होते. मी दम घ्यायला थांबलो तेव्हा म्हणाले, "आळीत पाणी कसं आहे?"

"तसंच आहे सर."

"गेल्या वर्षीपेक्षा कमी खारट आहे का?"

"नाही."

त्यांनी मान हलवली. लाल शाईची दौत वर्तमानपत्रात गुंडाळली आणि ट्रंकेत ठेवली. 'माझं चुकलं' हे दोन शब्द मी तिथेही बोललो नाही.

ते पुढे चार महिन्यांनी पोस्टकार्डावर लिहिले, तेसुद्धा आडून. नुसतं वाक्य पाठवलं: "आय ॲम नॉट सो ऑनेस्ट ॲज टिपणीस सर." खाली माझी सही.

आठव्या दिवशी माझं कार्ड पाकिटातून परत आलं. वाक्याखाली लाल शाईत बरोबरची खूण, आणि समासात: "वाक्य निर्दोष. मजकूर अमान्य." त्याखाली आणखी एक ओळ होती, तिचं अक्षर पहिल्यापेक्षा बारीक. "आणखी पाठव. इथे तपासायला काही येत नाही."

मी पाठवली. खोटं कशाला सांगू, तीन पाठवली. नळाबद्दल एक, बबनबद्दल एक, माझ्या नव्या नोकरीबद्दल एक. तिन्ही तपासून आली. मग आमच्या आळीचा मोर्चा निघाला, मग दुसऱ्या आळीचा, मग सभा, मग आणखी सभा. वाक्य करायला दोघांकडे नीट बघावं लागतं आणि मला तेवढी सवड नव्हती.

नळ आला. आमच्या मोर्च्यामुळे आला असं मी सांगत फिरलो. नंतर कळलं, स्टेशनाकडची वस्ती वाढली म्हणून ती लाइन पुढे यायचीच होती. सोनाबायने पहिला हंडा भरला आणि विचारलं, "मास्तरांना कलवलास का रं?" मी म्हटलं, कळवतो.

त्याच सुमारास सरांचं जोडकार्ड आलं होतं. जोडकार्ड म्हणजे दोन कार्डं एकत्र जोडलेली. एकावर आपला मजकूर लिहायचा, दुसरं उत्तरासाठी कोरं धाडायचं, म्हणजे समोरच्याला फक्त लिहून पेटीत टाकायचं काम. सरांनी आपल्या अर्ध्यावर एकच ओळ लिहिलेली: "इथलं पाणी तुमच्याइतकं खारट नाही. तुमचं कसं आहे?" दुसऱ्या अर्ध्यावर त्यांचा स्वतःचा पत्ता त्यांनीच घातलेला, लाल शाईत, गावाच्या नावाखाली पट्टीने रेघ मारून. मला तेवढाही त्रास पडू नये म्हणून.

गेल्या माघात बबनने सांगितलं, सर गेले.

ते दुसरं अर्धं माझ्या खणात आहे. पत्ता आहे. मजकुराची बाजू कोरी आहे.