हळू वाळणारा दगड

अभयकाका कांदा खात नाहीत, लसूण खात नाहीत, बटाट्याकडे तर बघतही नाहीत. जमिनीखाली पिकलेले काहीही त्यांच्या जैन घरात चालत नाही. पण जमिनीच्या खूप खालून आलेला दगड ते भर बाजारात दातांखाली धरतात आणि कुरकुर चावतात.

"थुंकतो ना मी!" आमच्या मानोरा गावात कुणी हसले की ते आवाज चढवतात. "गिळत नाही. कचकच लागली त रेती, लोण्यावानी लागला त चिखल. तुमाले समजते काय त्यातलं?"

मी शाळामास्तर, काका माझे शेजारी. खाली भावाचे कापडाचे दुकान, वर यांची खोली. सगळी नोकरी गॅस शोधणाऱ्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत झाली. निवृत्त होताना लोक शाल घेऊन येतात. काका पेटीभर शेल घेऊन आले. शेल म्हणजे चिखल दाबून झालेला, पदरापदरांचा काळसर दगड. आमच्याकडे कुठेही खणा, वेगळाच काळा पाषाण लागतो आणि त्यात गॅस नाही, हे काकांना ठाऊक आहे. तरी दुकानात आलेल्या बाईला ब्लाउजपीसच्या आधी शेल पाहावा लागतो.

"घट्ट दिसते ना? आत छिद्रंच छिद्रं हायेत. गॅस त्यात बसून राह्यते. पण या छिद्रातून त्या छिद्रात जायले वाट नाही. केसाहून बारीक भेग असली तरच हलते बिचारा."

"काका, मले लाल पीस दाखवा."

"दाखवतो. आधी भेग पाह्य."

या भेगांपायीच त्यांची बढती अडली. तपासणीआधी दगड वाळवावा लागतो, तोही हळू. साहेबाला अहवालाची घाई होती. त्याने भट्टीची आच वाढवायला लावली. दगड तडकला. सूक्ष्मदर्शकाखाली भेगाच भेगा! साहेब खूश, आता गॅस धो धो येणार. काकांनी सही करायला साफ नकार दिला. "या भेगा दगडाच्या नाहीत, आपल्या भट्टीच्या हायेत." ही गोष्ट ते अशी छाती काढून सांगतात, की बढती हुकणे हाच मोठा मान वाटावा.

मागच्या वर्षी माझी पत्नी सुनंदा गेली. मला रडू आले नाही. मी पुस्तक उघडून बसे. पान उलटत नसे. तेरवी झाली आणि माझी मोठी बहीण आवराआवरीला लागली. तिचा जीव तुटत होता, म्हणूनच तिची घाई. सुनंदाच्या साड्या चादरीत बांधून वाटून टाकायच्या, घराला कुलूप लावायचे आणि मला अकोल्याला न्यायचे, असे तिने ठरवले.

"रडून घे एकदाचा अन् मोकळा हो," ती म्हणाली. "असा मुक्यावानी किती दिवस बसशीन?"

मी हो म्हणण्याच्या बेतात होतो. तेवढ्यात काका आले. त्यांनी गाठोडे पाहिले आणि सरळ त्यावर जाऊन बसले.

"काका, उठा. साड्या हायेत त्यात," ताई म्हणाली.

"मालूम हाय. म्हणूनच बसलो."

"अवो, गाडीची वेळ झाली!"

"तुमची झाली. मास्तरची नाही झाली. बाई, तुमी भट्टी लावून राह्यल्या."

ताईने स्वयंपाकघरात डोकावून पाहिले. "कायची भट्टी? शेगडी त बंद हाय."

"मास्तरले हळू वाळू द्या. एवढी आच देसान त तडकन तो. मंग तुमीच म्हणसान, पाहा, मोकळा झाला."

"तुमी कोण लागता त्याचे?"

"कोणीच नाही. पण उठत नाही."

ताई माझ्याकडे वळली. "तू बोल. अकोल्याले येतं का नाही?"

"नाही येत," मी म्हणालो. त्या दिवशी तोंडातून निघालेले ते माझे पहिले शब्द.

ताईने पिशवी उचलली. दारातून मात्र काकांना म्हणाली, "त्याले जेवू घालजा."

"घालतो. कांदा नाही भेटणार."

ती गेल्यावर काका उठले आणि चादरीची गाठ सोडू लागले. मान खाली घालूनच म्हणाले, "माही बायको गेली तवा मी नोकरीवर होतो. आलो त भावानं सारं आवरून ठेवलेलं. मले तरास नको म्हणून. कंगवा बी ठेवला नाही. मी लगेच कामावर गेलो. सारे म्हणत, अभय लय खंबीर."

इतक्या वर्षांत त्यांनी मला दगडाचा पदर न् पदर दाखवला होता. त्यांच्या बायकोचे नाव मला माहीत नव्हते. मी विचारले.

"विमल."

गाठ सुटली. वरचीच साडी हिरवी होती. ती त्यांनी दोन्ही हातांवर घेतली.

"विमलजवळ बी अशीच होती," ते म्हणाले. आणि साडीचा पदर उलटून, "हिरवी होती का निळी?"

त्यांनी माझ्याकडे पाहिले, जणू मला ठाऊक असेल.