सहा हप्त्यांचं मलम

लांजेवार काकाजींच्या डाव्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत, कॉपिंग पेन्सिलीनं आखलेले सहा चौकोन असत. प्रत्येक चौकोनाला एक नंबर आणि प्रत्येकावर वेगळं मलम. एक पिवळं, एक गुलाबी, एकाला कापराचा वास, एकाला कुजक्या अंड्याचा. कोणी विचारलं की ते बाही आणखी वर सारून सांगत, "चार नंबर खाजवून राहिला. तो कोनाच्या तोंडाले लावायचा नाही." एका रशियन साहेबानं तर ते चौकोन स्वतःच्या वहीत उतरवून घेतले होते. त्याला तो भट्ट्यांचा नकाशा वाटला.

हा सगळा खटाटोप मुरमांसाठी होता, पुस्तकात ज्यांना तारुण्यपीटिका म्हणतात त्यांच्यासाठी. काकाजींच्या स्वतःच्या नव्हे. ते तेव्हा पंचेचाळिशीचे, चेहरा घासलेल्या परातीसारखा स्वच्छ. मुरूम आमच्या तोंडांवर होते. भिलाईचा पोलादाचा कारखाना रशियनांच्या मदतीनं उभा राहत होता आणि भंडारा-गोंदियाकडची आम्ही शेतकऱ्यांची पोरं पहिल्यांदाच घर सोडून त्या धुळीत, घामात आणि कँटीनच्या तेलात येऊन पडलो होतो. वीस-बावीसचं वय. तोंडं फुलून आली नसती तरच नवल.

काकाजी कोक ओव्हनवर होते. कोक ओव्हन म्हणजे कोळसा भाजायच्या भट्ट्यांची लांबलचक रांग. नवी भट्टी एकदम पेटवत नाहीत. आठवडेच्या आठवडे, रोज थोडी थोडी तापवतात, नाहीतर आतली वीट तडकते. ती किती तापली हे तासातासाला वाचून कागदावर लिहायचं, हे त्यांचं काम. एकदा भर उन्हात टोकाच्या भट्टीचा आकडा वाचायचा राहून गेला. जोडीदार म्हणाला, मागच्या आकड्यात दोन मिळवा आणि चला चहाला. काकाजी चहा सोडून अख्खी रांग पुन्हा चालून गेले. "न वाचता लिवलं तं भट्टीसंगं खोटं बोलल्यासारखं होते," म्हणाले.

तोच कायदा त्यांनी मुरमांना लावला. प्रत्येक तोंडाचा एक चौकटींचा कागद, त्याला ते चार्ट म्हणत. नवा मुरूम लाल पेन्सिलीनं, सुकलेला निळ्या. मलम मुगाच्या दाण्याएवढं, आणि तेही नुसतं फोडावर नाही, सगळ्या गालावर पसरून. नख लावायचं नाही. सहा हप्त्यांच्या, म्हणजे सहा आठवड्यांच्या आत औषध बदलायचं नाही. आणि सगळ्यात कडक नियम म्हणजे डबी कोणी घरी न्यायची नाही. रोज संध्याकाळी पाचला त्यांच्या क्वार्टरवर यायचं, मोरीत तोंड धुवायचं, स्टुलावर बसायचं. आधी मोजणी, मग मलम.

"डबी द्या ना काकाजी, आमीच लावू," असं कोणी म्हटलं की ते दुखावल्यासारखे बघत.

"आन् एका दिवसात अर्धी डबी थोपून घेशीन. हळूहळू बाप्पा. वीट फुटते."

मी त्यांना हसणाऱ्यांपैकी होतो. माझे उपाय मीच शोधत होतो. जायफळ उगाळून लावलं, मुलतानी माती लावली, कार्बोलिक साबणानं दिवसातून पाच वेळा तोंड घासलं. तसाच गोंदियाला मुलगी बघायला गेलो. मुलीच्या आत्यानं आम्हाला दारातच थांबवलं आणि माझ्या आईला बाजूला घेऊन विचारलं, "पोराले देवी आल्या का जी?" घरातली लहान पोरं मागच्या दारानं शेजारी पाठवली गेली. मला पोहे मिळाले, पण लांबूनच सरकवलेले. मुलगी काही दिसली नाही.

मग आईनं तुमसरचं स्थळ आणलं. दोन महिने हातात होते. हेही गेलं तर मी पुन्हा कोणाची पायरी चढणार नाही, असं तिनं चिठ्ठीत लिहून पाठवलं. मी घाबरलो. दुर्गहून गंधकाचं कडक मलम आणलं आणि आठवड्याचं एका दिवसात थापलं. तोंड असं सोललं की फोरमननं विचारलं, भट्टीत वाकून पाहिलंस का? त्याच संध्याकाळी मी काकाजींच्या दारात उभा होतो.

त्यांनी चष्मा लावला, माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं.

"कावून एवढी घाई करून राहिला बे पोट्ट्या? तोंड हाय का सडक?"

"मले तुमसरले पोरगी पाहाले जायचं हाय, काकाजी. दोन महिन्यानं."

त्यांनी बोटांवर हिशेब केला. "आठ हप्ते. जमते." पहिले पाच दिवस त्यांनी गंधकाला हातच लावला नाही. नुसतं थंड पाणी आणि ते गुलाबी कॅलामाइन. "आंधी वीट थंडी होऊ दे."

क्वार्टर दोन खोल्यांचा होता, कुटुंबवाल्यांना देत तसला. कुटुंब मात्र गावी. "धूळ कमी झाली का येते," काकाजी सांगत. भिलाईची धूळ तेव्हा कमी व्हायची चिन्हं नव्हती, रोज नवं काहीतरी खोदलं जाई. लोक हे ऐकून हसत आणि मीही हसत असे. मलम सुकेपर्यंत हलायचं नाही, म्हणून अर्धा तास बसावंच लागे. मग चहा होई आणि चौकशा. बैलांची नावं काय, धाकटी बहीण कितवीत गेली, आईचा गुडघा कसा आहे. एकदा सांगितलेलं ते विसरत नसत. हळूहळू बाकीची पोरं बरी होऊन यायची थांबली आणि स्टुलावर मी एकटाच उरलो.

सातव्या हप्त्यात दोन खुणा सोडल्या तर माझा चार्ट निळाच निळा झाला. तुमसरला मला जवळ बसवून पोहे दिले. मुलगी दिसली, तिनंही मला नीट पाहिलं आणि जमलं.

परत आलो तर काकाजी म्हणाले, अजून दोन बाकी आहेत. पुढच्या हप्त्यातही दोनच होते. त्याच्या पुढच्या हप्त्यातही दोनच. शेवटी बराकीतला माझा सोबती शहारे वैतागला. "तुह्या तोंडावर आता काय राहिलं बे? बॅटरी मारून पाह्यलं तरी दिसत नाही."

मी न्हाव्याकडून आरसा मागून आणला आणि काकाजींच्या समोर धरला. "कुठे हाय, दाखवा बरं."

त्यांचं बोट माझ्या हनुवटीवर आलं. तिथून गालावर गेलं, कानाजवळ गेलं आणि थांबलं. मला गंमत वाटत होती, चोरी पकडल्याची. काकाजींनी चार्टवरच्या दोन्ही लाल खुणा निळ्या केल्या, कागदाची घडी घातली आणि म्हणाले, "बरा झाला तू." मग मलमाची डबी माझ्या हातात ठेवली. "ने घरी." मी बराकीत जाऊन ही गोष्ट नकलेसकट सांगितली. त्या फिरणाऱ्या बोटावर सगळे पोट धरून हसले.

लग्न झालं, मला क्वार्टर मिळाला, शकुंतला भिलाईला आली. एक दिवस आवराआवरीत ती डबी तिच्या हाती लागली. कशाची म्हणून तिनं विचारलं, तेव्हा मी तिलाही ती नक्कल करून दाखवली. ती हसली नाही.

"मंग आता ते जेवतेत कोनासंगं?" तिनं विचारलं.

अडीच महिने रोज मी त्या माणसाच्या घरी चहा प्यायलो होतो. त्याला माझे बैल नावानिशी ठाऊक होते आणि मी त्याच्या बायकोचं नावसुद्धा कधी विचारलं नव्हतं. भट्टीसंगं खोटं न बोलणारा माणूस माझ्या तोंडाबद्दल तीन हप्ते खोटं लिहीत राहिला, कारण खरं लिहिलं असतं तर मी दुसऱ्या दिवशी आलो नसतो. एवढं साधं मला कळलं नव्हतं. मला माझी फार लाज वाटली, आजही वाटते.

दुसऱ्या दिवशी पाचला गेलो. दार उघडंच होतं. काकाजी भिंतीशी बसून बशीतून चहा पीत होते. मला पाहून गडबडीनं उठले.

"का रे? सगळं बरं हाय ना?"

"एक पुन्हा निंघाला जी, काकाजी," मी हनुवटीवर बोट ठेवलं. तिथं काही नव्हतं. सकाळीच मी दाढी करून तोंड गुळगुळीत केलं होतं.

त्यांनी चष्मा शोधून लावला. माझं तोंड उजेडाकडे वळवलं आणि बराच वेळ पाहत राहिले.

"हाय," शेवटी ते म्हणाले. "बारीक हाय."

त्यांनी फळीवरून एक कोरा कागद काढला, वर माझं नाव लिहिलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "सहा हप्ते तं लागतीन."

"लागू द्या जी," मी म्हणालो आणि मोरीत तोंड धुवायला गेलो.